कुत्रं कुणाचं?

आज आपल्या रेडिओवर आम्ही आमच्या बचत गटातल्या चौघी आलो आहोत. बोलायचा विषय आहे कुत्री. आता तुमच्यातल्या कुणी म्हणेल, कर्ज, व्याज, शेळीपालन, घरकुल एवढं सगळं सोडून या बाया कुत्र्यांवर काय बोलणार? आमच्या गटात हा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा आम्हीही असंच हसलो होतो. पण मागच्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला आणि पुढचे तीन महिने आमची बैठक धड झाली नाही. कारण होतं एक काळं कुत्रं.

त्याचं नाव काळू. देवळाच्या ओट्यावर आमची बैठक भरते, तिथं तो पायरीवर पडलेला असायचा. सकाळी एकीच्या दारात शिळी भाकरी, दुपारी दुसरीकडे ताकभात, आणि रात्री तिसरीच्या गोठ्यापाशी मुक्काम. रात्री परकं माणूस आलं की सगळी आळी जागी करायचा. खुराड्याकडे मुंगसाला फिरकू द्यायचा नाही. त्यामुळे तो सगळ्यांनाच हवा होता. त्याच्या गळ्यात पट्टा मात्र कुणी घातला नव्हता, आणि त्याला लस टोचायला कुणी नेलं नव्हतं.

गावाच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्यांच्या कोप्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्यातली एक सात वर्षांची मुलगी दुकानातून साखर घेऊन चालली होती. हातातली पुडी बघून काळू मागे लागला असेल, पोर घाबरून पळाली असेल. कसं झालं ते कुणी पाहिलं नाही. काळूने तिच्या हाताला आणि गालाला चावा घेतला. आई-बाप फडात. कोपीतल्या म्हातारीने जखमेत चुना आणि तिखट भरलं. संध्याकाळी आई आली, पोरीला कडेवर घेऊन आमच्या आळीत आली आणि तिने एकच विचारलं, "ताई, कुत्रं कुणाचं?"

आम्ही ओट्यावर सात-आठ जणी होतो. एकीने म्हटलं, मोकाट आहे. दुसरीने मान हलवली. तिसरी, जिच्या गोठ्यापाशी तो रोज झोपायचा, ती म्हणाली, "आमचं नाही बाई ते, आपलं येतं-जातं." हे सांगताना आज लाज वाटते, पण रेडिओवर खरं तेच सांगायचं असं ठरवून आलो आहोत.

त्या रात्री पोरीला वाचवण्याचं काम आमच्या आशाताईंनी केलं. त्यांनी आधी जखमेतला चुना आणि तिखट धुऊन काढलं. वाहत्या पाण्याखाली, साध्या कपड्याच्या साबणाने, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पोर ओरडत होती, आईच्या डोळ्यांना धार लागली होती. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. पिसाळण्याच्या रोगाचे, म्हणजे रेबीजचे विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत जातात. साबणाने ते बरेचसे धुऊन निघतात आणि मरतातही. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू, काहीही जखमेत भरायचं नाही. पट्टी आवळून बांधायची नाही. टाके घालायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात, आणि शक्यतो लगेच घालत नाहीत.

सकाळी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं लस सुरू झाली. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते आणि दंडात देतात. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, या भीतीने आमच्यातल्या म्हाताऱ्या अजून लपवतात. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं झाली. पण गालावरचा चावा खोल होता. अशा वेळी नुसत्या लसीवर भागत नाही. लसीचा गुण यायला काही दिवस लागतात, तेवढ्या दिवसांत विषाणूला अडवायला जखमेतच एक वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते आमच्या केंद्रात नव्हतं, म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात पाठवलं. हे नाव लांबलचक आहे, पण एका कागदावर लिहून ठेवा. रक्त आलं असेल, चेहऱ्यावर किंवा बोटांवर चावा असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आणि एक. नुसती नख लागली, ओरखडा आला, किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं, तरी दवाखान्यात जायचं. पिल्लाने चावलं तरी जायचं. पोरं मार बसेल म्हणून ओरखडे लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की सांगितलंस तर रागावणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावल्यावर लगेच लस घेतली, तर मात्र तो रोग टळतो.

आता काळूचं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चार-पाच जण काठ्या घेऊन त्याला मारायला निघाले. आमच्यातल्या दोघी तर म्हणत होत्या, मारूनच टाका, कटकट मिटेल. तेव्हा आशाताईंनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा निरोप सांगितला: कुत्र्याला मारू नका, दहा दिवस बांधून ठेवा आणि बघा. चावलेलं कुत्रं दहा दिवसांनीही धडधाकट असेल, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजतं. मारून टाकलं, तर हे कळायची वाटच बंद होते. अर्थात या दहा दिवसांची वाट बघत लस थांबवायची नाही. लस चावल्या दिवशीच सुरू करायची.

मग प्रश्न आला, बांधायचं कुणी? कुणाच्या दारात? जी बांधेल तिचं कुत्रं ठरेल आणि दवाखान्याचा खर्च तिच्या गळ्यात येईल, ही सगळ्यांना भीती. शेवटी देवळामागच्या चिंचेला बांधलं, म्हणजे कुणाच्याच दारात नाही. भाकरी आम्ही पाळीपाळीने लांबूनच सरकवायचो. दहा दिवस तो जेवला, भुंकला, ओळखीच्या बाईला बघून शेपटी हलवली. अकराव्या दिवशी आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण मुलीच्या आईचा हिशेब अजून बाकीच होता. दर डोसाला एक दिवस काम बुडत होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकाने सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. वर तालुक्याला जायचं गाडीभाडं. ती भांडायला आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, आम्हालाही तोंड देऊन मोकळं होता आलं असतं. शेवटच्या डोसाच्या आधी टोळी पुढच्या गावाला हलायची होती. आशाताईंनी तिला लसीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि सांगितलं, जिथं असशील तिथल्या सरकारी दवाखान्यात हा दाखव, राहिलेला डोस तिथं मिळेल. तो मिळाल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही खाड्याचे आणि गाडीभाड्याचे पैसे गोळा करून पाठवले. उशीरच झाला होता.

हे पैसे गोळा करतानाच आमचं भांडण झालं. कुणी किती द्यायचे? जिच्या गोठ्यापाशी झोपायचा तिने जास्त की भाकरी घालणारीने? एक वहिनी म्हणाल्या, "मी तर फक्त सणावाराला पोळी टाकायची." बैठक मोडली, ती तीन महिने. या भांडणातून एवढं झालं की कायदा काय म्हणतो ते आम्ही विचारायला गेलो. ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांकडे गेलो, जनावरांच्या दवाखान्यात गेलो, एका वकील ताईंकडेही गेलो.

पहिली गोष्ट कळली ती कोंडवाड्याची. आम्हाला वाटायचं, मोकाट गुरं कोंडवाड्यात घालतात तशी कुत्रीही घालता येतील. पण कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा. त्यातल्या जनावरांच्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, घोडा, गाढव, डुक्कर, शेळी-मेंढी आहे, पण कुत्रं नाही. आमच्या गावात आजवर उंट आलेला नाही, कुत्री मात्र दारोदार आहेत. असो.

कुत्र्यांसाठी केंद्र सरकारचे २०२३ सालचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यात सरळ वाटणी केली आहे. पाळलेल्या कुत्र्याला जंताचं औषध देणं, लस टोचणं, नसबंदी करणं ही मालकाची जबाबदारी. बिनमालकाच्या कुत्र्यांसाठी हेच काम स्थानिक संस्थेने करायचं, म्हणजे गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका. मोकाट कुत्री मारून टाकता येत नाहीत. नसबंदी आणि लस झाली की त्यांच्या कानाला ओळखीची खाच करतात आणि जिथून धरलं तिथंच परत सोडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात एक फरक केला: शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांतली मोकाट कुत्री हलवायची आणि पुन्हा तिथं सोडायची नाहीत. तुमच्या शाळेच्या पटांगणात कुत्र्यांचा वावर असेल, तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यायला हा आधार आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना काढावा लागतो. त्यामुळे कुत्रं कुणाचं, हे तिथं निदान कागदावर असतं. आपल्याकडे कागद नाही. आपल्याकडे कुत्रं भाकरीपुरतं आपलं आणि चावल्यावर गावाचं. ग्रामपंचायतीला विचारलं तर ते म्हणतात, तुम्हीच पाळलीत. आणि ते काही खोटं नाही.

भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या दंडविधानाच्या जागी जुलै २०२४ पासून आलेल्या कायद्यात, कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना हयगय केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "ताब्यातलं" हा शब्द वकील ताईंनी आम्हाला दोनदा वाचून दाखवला. सातबाऱ्यावर कुत्र्याचं नाव नसतं. रोज कुणाच्या दारात खातं, कुणाच्या हाकेला येतं, कुणाच्या गोठ्यात झोपतं, हे आळीतला प्रत्येक माणूस सांगू शकतो. गोठेवाली वहिनी त्या दिवशी काही न बोलता घरी गेली.

दुसऱ्या बाजूनेही कायदा आहे, तोही ऐका. कुत्रं चावतं म्हणून त्याला कायमचं आखूड साखळीला जखडून ठेवायचं, फिरवायचं नाही, हा १९६० च्या कायद्याप्रमाणे प्राण्यांचा छळ आहे. विष घालून किंवा मारहाण करून जीव घेतला, तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आमच्याकडे पूर्वी भाकरीत औषध घालायचे. मग ते औषध मांजर खायचं, कोंबडी खायची.

आणि पिल्लं. याबद्दल बोलायचं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि चार-सहा पिल्लं होतात. त्यातली नर पिल्लं लोक मागून नेतात. मादी पिल्लं उरतात. ती गोणीत घालून शेजारच्या गावाच्या शिवेवर, नाहीतर बाजारच्या दिवशी बाजारात सोडून यायची, ही रीत. आपल्या गावातल्या मादी पिल्लांचं ओझं आपण शेजारच्या गावाला देतो आणि ते त्यांचं आपल्याला देतात. आमच्यातली एक सासूबाई एकदम म्हणाली, "मुलींचंच बघा सगळीकडे." त्यावर कुणी काही बोललं नाही. पिल्लं अशी उपाशी मरायला सोडून देणं हाही त्याच १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. उपाय एकच, नसबंदी. ती गावोगाव होत नाही. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे शिबिराची मागणी करावी लागते, आणि मागे लागावं लागतं. आम्ही अजून मागे लागलेलोच आहोत.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक कारण सांगतो. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या जनावरांमध्ये सर्वांत मोठा वाटा निघाला तो कुत्र्यांचा. लग्नाचं उरलेलं अन्न आणि चिकनच्या दुकानातली घाण गावाबाहेर उघड्यावर पडते, तिथं कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. शौचाला, पाण्याला, दुधाला अंधारात बाहेर पडणाऱ्या आपणच असतो. तेव्हा कचऱ्याचा प्रश्न मांडताना हेही मांडा.

आता आम्ही काय केलं ते. दर ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे ती बऱ्याचदा सह्यांपुरती होते. या वेळी आम्ही तीस जणी गेलो आणि विषय मांडला. सुरुवातीला हसू झालं. मग एकीने उठून ऊसतोडीच्या मुलीची गोष्ट सांगितली, तेव्हा शांतता झाली.

ठराव असा झाला. ग्रामपंचायतीत एक नोंदवही ठेवायची. कुत्र्याचा रंग, नाव, नर की मादी, कुणाच्या घरचं, आणि लस कधी झाली. नोंद झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. शाळा भरताना आणि सुटताना, आणि डेअरीवर दूध घालायच्या वेळेला, कुत्री बांधलेली पाहिजेत. रात्री राखणीला सोडायला हरकत नाही, नाहीतर ती पाळायची कशाला? कुणाला चावलं, तर औषधपाण्याला जायचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी त्या घराने द्यायची, माणूस गावचं असो की बाहेरचं. ही शेवटची ओळ आम्ही आग्रहाने घालून घेतली.

दंड ठेवा, असं बरेच पुरुष म्हणत होते. आम्ही नको म्हटलं. दंड लावला की नोंदवहीत नाव कोण लिहील? सगळी कुत्री एका रात्रीत मोकाट होतील. काहींना हा आमचा भाबडेपणा वाटतो. बघू. पहिल्या महिन्यात एकवीस नोंदी झाल्या. गावात कुत्री याच्या दुप्पट तरी आहेत, हे आम्हालाही दिसतं.

लसीचं सोपं आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे दर वर्षी एक. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमाराला जनावरांच्या दवाखान्यात शिबिर मागता येतं. डॉक्टरांनी दिलेलं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे हरवत नाही. आणि पिसाळलेलं कुत्रं शेळीला किंवा गाईला चावलं, तर तिचीही जखम साबणाने धुवा, हातात पिशव्या किंवा मोजे घालून, आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. जनावरालाही चावल्यानंतर लस देतात. अशा जनावराचं कच्चं दूध कुणी पिऊ नका.

काळू अजून आहे. नोंदवहीत त्याची ओळ भरायची वेळ आली, तेव्हा भाऊसाहेबांनी पेन उचलून विचारलं, "मालक कोण लिहू?" आम्ही सातजणी एकमेकींकडे बघत राहिलो. मग गोठेवाली वहिनी पुढे झाली आणि म्हणाली, "माझं लिहा." बाकीच्या सहाजणींनी त्याच्या लसीचे आणि पट्ट्याचे पैसे वाटून घेतले. ही वहिनी आज आमच्याबरोबर इथं स्टुडिओत आलेली आहे, पण माईकवर बोलायला तयार नाही.

तुमच्या गावची पुढची महिला सभा कधी आहे ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. आणि कुत्र्याला लस टोचायला न्याल तेव्हा दोघी जा, एकीच्या हातात साखळी आणि एकीच्या हातात भाकरी. आम्ही पहिल्यांदा एकटीला पाठवलं होतं, तर कुत्रं दवाखान्याच्या दारातून पळून तिच्या आधी घरी पोचलं.